‘वात’ म्हणून सोडून दिलेले महिने

माझ्या मावशीची बोटं सकाळी वळायची नाहीत. वय तेव्हा ३८. उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची, मग हळूहळू मूठ मिटायची, दहा-साडेदहापर्यंत हात मोकळे झाले की दिवसभर सगळं काम करायची, त्यामुळे घरात कोणाला वाटायचंच नाही की हिला काही झालंय म्हणून. सासूबाई म्हणाल्या वात आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नसेल. डॉक्टरांनी दुखायची गोळी आणि कॅल्शियम दिलं. मग कुणीतरी लांबून एक पुडी आणून दिली, राखाडी पावडर, मधातून घ्यायची, आणि चारच दिवसात मावशी तुरुतुरु चालायला लागली. सगळे खूश. पुढे तिचा चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, आणि पुडी एक दिवस चुकली की दुप्पट दुखायचं. संधिवाताच्या स्पेशालिस्टपर्यंत पोचायला दीड वर्ष गेलं आणि तोवर एक्सरेमध्ये बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. तेवढं गेलेलं हाड परत भरून येत नाही.

आमवातावर, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, संशोधन चाललंय अशी बातमी आली की ती बहुतेक वेळा नव्या इंजेक्शनची असते नाहीतर कुठल्यातरी जीनची. असू दे, तेही हवंच. पण मला विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त संशोधन या दीड वर्षावर व्हायला पाहिजे. ते कुठे कुठे गेलं, कोणाच्या दारात किती महिने अडकलं, आणि ते दीड महिन्यावर कसं आणायचं. यात नवीन रेणू सापडणार नाही, पेटंट मिळणार नाही, परदेशातल्या परिषदेत टाळ्या पडणार नाहीत, म्हणून याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही असा माझा सरळ आरोप आहे.

पहिली गोची शब्दातच आहे. आपण सगळ्याला वात म्हणतो. आजीचा गुडघा झिजला, वात. काकांच्या पायाचा अंगठा रात्री युरिक ॲसिडने लालभडक सुजला, वात. पंचविशीतल्या पोराची कंबर पहाटे चार वाजता आखडते आणि उठून चाललं की बरं वाटतं, त्याला म्हणायचं बाईक फार चालवतोस, नाहीतर वात. चिकुनगुनिया होऊन सहा महिने झाले तरी घोटे दुखतात, वातच. या चार वेगळ्या गोष्टी आहेत, चौघांची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुसता वेळ जातो. गंमत म्हणजे जुन्या वैद्यांनी हा घोळ केला नव्हता. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवात वेगळा सांगितलाय, वातरक्त (साधारण युरिक ॲसिडचं दुखणं) वेगळं, संधिगत वात (साधारण झिजेचा) वेगळा. म्हणजे भाषेकडे शब्द होते, आपणच रोजच्या बोलण्यात सगळे एका गाठोड्यात बांधून टाकले. त्यात ‘वात म्हणजे म्हातारपणाचं दुखणं’ हे डोक्यात इतकं पक्कं की तिशी-चाळिशीतल्या बाईला तो होऊ शकतो हेच कोणाला पटत नाही, जेव्हा की या आजारात बायका पुरुषांच्या दोन-तीन पट असतात आणि बऱ्याच जणींना तो ऐन कामाच्या वयातच गाठतो.

फरक ओळखायला फार अवघड नाही खरं तर. झीज झालेला सांधा काम केल्यावर, संध्याकाळी दुखतो. आमवाताचा सांधा विश्रांतीनंतर, सकाळी आखडतो, अर्धा तास, तास, कधी दोन तास, आणि हालचाल सुरू झाली की सैल होतो. दोन्ही हातांना होतो, मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे धरतो, नखाजवळचा सांधा बहुतेक सोडून देतो. होतं काय की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारचं हाड पोखरायला लागतं. पोखरणं पहिल्या दोन वर्षातच सुरू होतं बहुतेकांचं. म्हणूनच डॉक्टर लोक पहिल्या तीन ते सहा महिन्यांना इतकं महत्त्व देतात. आणि नेमके तेच महिने आपले शेक घेण्यात आणि तेल चोळण्यात जातात.

टेस्टचं वेगळंच. आता जिकडे तिकडे लॅबवाल्यांची ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाची पॅकेजं असतात, त्यात आरए फॅक्टर (रक्तातलं एक प्रतिपिंड), एएसओ, युरिक ॲसिड, सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणारी), सगळं एका झटक्यात. लोकांना वाटतं आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो. दोन्ही चूक. हा फॅक्टर पहिल्यांदा नॉर्वेच्या एरिक वालर यांना दिसला १९४० मध्ये, म्हणजे टेस्ट जुनीच आहे, आणि ती टीबीत पॉझिटिव्ह येते, कुष्ठरोगात येते, हेपटायटिस सी मध्ये येते, ठणठणीत म्हाताऱ्या माणसातही येते. उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांची निगेटिव्ह येते. मावशीची पहिली टेस्ट निगेटिव्हच होती, त्या एका कागदाने तिचे सात महिने खाल्ले. अँटी-सीसीपी ही त्यानंतर आलेली टेस्ट बरीच जास्त भरवशाची, ती तर काही जणांत दुखणं सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी पॉझिटिव्ह असते, पण ती महाग आणि तालुक्याच्या ठिकाणी सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं. एएसओ मोठ्या माणसाच्या आमवातात काय सांगते हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही, ती घशाच्या जंतूसंसर्गाची खूण आहे, तरी लिहून देतात ती देतातच.

आणि एक टेस्ट फुकट आहे. पेशंटचा हात हातात घ्यायचा आणि बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचं, हस्तांदोलन करताना दाबतो तसं. पेशंट कळवळला आणि सकाळी मूठ वळत नाही म्हणाला तर पुढे पाठवायचं. दहा सेकंद लागतात. मावशी दीड वर्षात किमान पाच डॉक्टरांकडे गेली, तिचा हात कोणी हातात घेतला नाही. मी डॉक्टरांना शिव्या देत नाहीये, ओपीडीत शंभर लोक बाहेर बसलेले असतात हे मलाही दिसतं. पण एक्सरे लिहून द्यायला पण तेवढाच वेळ लागतो की.

आता औषधांकडे येऊ, कारण तिथला इतिहास फारच बोलका आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, आणि काही दिवसात ती चालत खरेदीला गेली. जगभर गाजावाजा, १९५० मध्ये नोबेल. मग चेहरे गोल व्हायला लागले, हाडं ठिसूळ व्हायला लागली, साखर वाढायला लागली, आणि कळलं की स्टिरॉइड आग झाकतं, विझवत नाही. मावशीच्या पुडीची गोष्ट वाचताना तुम्हाला जे ओळखीचं वाटलं असेल ते हेच. असल्या बिनालेबलच्या ‘गॅरंटी’ पुड्या तपासल्या की त्यात कित्येकदा स्टिरॉइडच निघतं. म्हणजे १९४८ चा चमत्कार आपल्याकडे अजून मधातून विकला जातोय, फक्त डोस कोणालाच माहीत नाही.

त्याच काळात दुसरं औषध जन्माला येत होतं आणि त्याच्यामागे आपला माणूस होता. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या टीमने फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व तयार केलं आणि मग त्याच्या विरुद्ध काम करणारी ॲमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेट ही औषधं. ती कॅन्सरसाठी होती. १९५१ मध्ये गुबनर या डॉक्टरांनी ॲमिनोप्टेरिन आमवातावर वापरून पाहिलं, फायदाही दिसला. पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात तिकडे कोण बघणार? मेथोट्रेक्सेटच्या नीट ट्रायल १९८० च्या दशकात झाल्या आणि अमेरिकेत आमवातासाठी रीतसर परवानगी मिळाली १९८८ साली. मधली सदतीस वर्षं मोजा. आज जगभर आमवाताची ट्रीटमेंट साधारण याच गोळीने सुरू होते, आणि ती आपल्या मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते. चांगलं औषध समोर असून नुसतं आकर्षक नाही म्हणून पडून राहतं, याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया मात्र ग्लासगोमधल्या एका ट्रायलवर आहे. टिकोरा नाव तिचं, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ११० पेशंट. दोन्ही गटांना जुनीच, साधी औषधं उपलब्ध. फरक एवढाच की एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलवायचं आणि दुसऱ्याला दर महिन्याला, प्रत्येक वेळी सुजलेले सांधे मोजायचे, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की औषध वाढवायचंच, ‘बघू पुढच्या वेळी’ असं म्हणायचं नाही. अठरा महिन्यांनी नेहमीच्या गटात १६ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता. महिन्याला बघितलेल्या गटात ६५ टक्के. नवीन औषध शून्य. मोजणं आणि मोजून वागणं, बस्स. एखाद्या नव्या इंजेक्शनने १६ चे ६५ केले असते तर त्याच्या जाहिराती रिक्षाच्या पाठीवर दिसल्या असत्या.

२०१३ मध्ये अजून एक आली, रॅकॅट, मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात केलेली. ३५३ पेशंट, सगळे असे ज्यांना एकट्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा फरक पडला नव्हता. अर्ध्यांना सोबत सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या दोन स्वस्त गोळ्या जोडून दिल्या, अर्ध्यांना एटानरसेप्ट हे महागडं इंजेक्शन. फरक पडला नाही त्यांना दुसरीकडे जायची सोय ठेवली होती. ४८ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास बरोबरीत. हे कळूनही महाग इंजेक्शनचा बाजार काही कमी झाला नाही म्हणा, याच जातीच्या अडालिमुमॅब या एकट्या औषधाचा जगभरातला धंदा २०२२ मध्ये २१ अब्ज डॉलरच्या वर होता.

यावर कोणी म्हणेल की बायोलॉजिक, म्हणजे या असल्या इंजेक्शनच्या, औषधांनी लाखो लोकांना उभं केलं त्याचं काय. बरोबर आहे, केलं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि आपल्या लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या दोघांनी टीएनएफ नावाचा एक रेणू अडवला तर सुजेची सगळी साखळीच थंडावते हे दाखवून दिलं, १९९२ मध्ये पहिल्या पेशंटना इंजेक्शन दिली, आणि ज्यांच्यावर गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी तो खरोखर पुनर्जन्म होता. माझं भांडण त्या संशोधनाशी अजिबात नाही. पण आपल्याकडे त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. टीएनएफ अडवला की आत झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि झोपलेला टीबी आपल्याकडे किती जणांच्या छातीत आहे हे वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये झायडस कंपनीने भारतात अडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती आणली, अमेरिकेआधी कितीतरी वर्षं, चांगलंच झालं, तरी ‘स्वस्त’ म्हणजे महिन्याला हजारोंच्या घरात. ते पैसे कोण देणार? मेडिक्लेम बहुतेक ॲडमिट झालं तर मिळतो, ओपीडीतल्या गोळ्या आणि दर दोन-तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या खिशातून. म्हणजे सांधा वाचवायचा खर्च तुमचा आणि सांधा पूर्ण गेल्यावर तो बदलायचा खर्च विम्याचा. हे गणित कुठल्या शहाण्याने मांडलं कोण जाणे.

आणि जुनी औषधं सुद्धा आपण गृहीत धरू शकत नाही हे मार्च २०२० मध्ये दिसलंच. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कोरोनावर चालतं अशी आवई उठली आणि वर्षानुवर्षं ती गोळी खाणारे आमवात आणि ल्युपस (हाही प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचाच आजार) यांचे पेशंट मेडिकलच्या दारात हात हलवत परत यायला लागले. मावशीसाठी आम्ही तीन तालुक्यांत फोन केले.

कारणांच्या शोधाबद्दल पण थोडं बोलायला हवं, कारण तिथे आपण फार उसनवारी करतो. जुळ्या भावंडांत, अगदी एकसारख्या जुळ्यांत, एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला व्हायची शक्यता साधारण १५ टक्केच, म्हणजे जीन सगळं सांगत नाहीत, बाहेरचं काहीतरी ठिणगी टाकतं. स्वीडनच्या अभ्यासात ती ठिणगी सिगरेट निघाली, आणि दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ. ठीक आहे, पण आपल्या बायका सिगरेट कुठे ओढतात? त्या मिश्री लावतात, चुलीचा धूर घेतात, खडी क्रशरवर काम करतात. मलेशियात २०१६ मध्ये एक अभ्यास आला की कापडाच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांत आमवात जास्त दिसतो. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर थेट इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आले. मागाच्या खटखटाटात कापसाच्या धुळीत आयुष्य काढणारी इतकी माणसं आपल्याकडे असताना हा प्रश्न मलेशियाने आधी विचारावा याची मला खरंच लाज वाटली.

चिकुनगुनियाचंही तसंच. १९७३ मध्ये बार्शीत मोठी साथ आली होती, पुण्याच्या विषाणू संस्थेने तिची नोंद केलीय, मग २००६ मध्ये अख्ख्या राज्यात आली आणि त्यानंतर अधूनमधून येतच असते. तिच्यानंतर महिनोन् महिने हात सुजलेले राहतात आणि ते हुबेहूब आमवातासारखं दिसतं. यातल्या कोणाचं आपोआप जाईल आणि कोणाला लवकर मेथोट्रेक्सेट द्यावं लागेल हे ओळखायची रीत जगाला शिकवायला महाराष्ट्राहून चांगली जागा नाही. साथ आली की फॉगिंगचे फोटो येतात, ताप उतरला की विषय संपला. सुजलेले हात मोजायला कोणी परत जात नाही.

मोजता येतं हे मात्र आपल्याच एका गावाने दाखवलंय. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण, बहुतेकांना ते उजनीच्या फ्लेमिंगोंमुळे माहीत. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या सांधेदुखी मोजायच्या पद्धतीने तिथे घरोघरी सर्व्हे केला, शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांना घेऊन. ४०९२ प्रौढ माणसं तपासली, त्यातल्या १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं आणि आमवात साधारण अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर दोनशे मोठ्या माणसांत एक, म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या वाडीत एक तरी. एमआरआय नाही, जीनची तपासणी नाही, एक प्रश्नावली, माणसं आणि चिकाटी. पुढे ही पद्धत देशात बऱ्याच ठिकाणी वापरली गेली. मला यापुढची पायरी हवीय. आजार किती आहे हे कळलं, आता तो ओळखायला किती आठवडे लागतात हे गावोगाव मोजा, आणि आशाताईने नुसतं ‘सकाळी मूठ वळते का’ विचारलं तर ते आठवडे कमी होतात का तेही मोजा. होत नसतील तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

‘एवढे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे स्पेशालिस्ट, आणायचे कुठून’ हा प्रश्न नेहमी येतो आणि तो खोटा नाही, कित्येक जिल्ह्यांत एकही नाही. पण टिकोराचं महिन्याचं काम म्हणजे सांधे मोजणं आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे डोस बदलणं, ब्रिटनमध्ये असलं काम शिकलेल्या नर्स सर्रास करतात. निदान मोठ्या डॉक्टरने करावं, मोजणी तालुक्याला व्हावी. यातही संशोधन आहेच, साधं वाटतं एवढंच. उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी खाली जातात, माणूस दगावू शकतो, आणि चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं घरी कोणाला वाचता येत नाही. मावशीच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली, मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, फक्त गुरुवारी. तिचा गुरुवारचा उपास असतोच, त्यामुळे ती एकदाही चुकली नाही. असं वाराला जोडून दिल्याने चुका किती कमी होतात याची ट्रायल करायला किती खर्च येईल असं वाटतं तुम्हाला?

आयुर्वेदवाले मित्र म्हणतील आमचं काय. माझं म्हणणं त्यांनाही तेच, मोजा. आणि मोजता येतं. कोईमतूरमध्ये आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेटची छोटी पण रीतसर तुलना झालीय, गोळी खरी की खोटी हे पेशंटला कळू न देता, २०११ मध्ये छापून आली, ४३ पेशंट होते आणि गटांमध्ये फारसा फरक दिसला नाही. तेवढ्यावरून नाचायचं कारण नाही आणि हसण्यावारी न्यायचंही नाही, तसलीच मोठी ट्रायल व्हायला हवी. ज्या वैद्याला त्यात उतरायचं नाही आणि ज्याच्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, त्याच्याबद्दल मात्र मला सहानुभूती नाही. माझ्या मावशीची साखर अजून खाली आलेली नाही.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या जावेची बोटं सुजली. ती म्हणत होती कपडे पिळून पिळून झालं असेल, बरं वाटेल. मावशीने तिचा हात हातात घेऊन दाबला, ती ओरडली, आणि त्याच आठवड्यात दोघी एसटीने शहरात गेल्या. आरए फॅक्टर हिचाही निगेटिव्ह होता, या वेळी तिथे कोणी थांबलं नाही. एक्सरे अजून स्वच्छ आहे. तिला डॉक्टरांनी वार कोणता लिहू विचारलं तर म्हणाली, गुरुवारच लिहा, ताईंची पण तेव्हाच असते.